चवदार तळे आणि सेल्मा : दोन मोर्चे व त्यांचे स्मरण

— बी. ए. द्वितीय वर्ष (रा. करडी, जि. भंडारा)

दरवर्षी २० मार्च हा दिवस महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांमधून श्रद्धेने पाळला जातो. महाडला तर त्या दिवशी दूरदूरच्या जिल्ह्यांतून हजारो माणसे येतात. ज्यांना तेथवर जाणे परवडत नाही ते आपापल्या गावच्या विहारात जमतात. त्रिशरण-पंचशील होते, वंदना होते, एक-दोन भाषणे होतात, भीमगीते होतात आणि बहुधा भोजनदानही होते. आमच्या करडी परिसरातही हा दिवस असाच पाळतात.

परंतु या दिवशी नेमके काय घडले, हे विचारले तर बहुतेक जण एका वाक्यात उत्तर देतात : "बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी चाखले." उत्तर खरे आहे. पण तेवढ्याने त्या दिवसाचा अर्थ पुरा कळत नाही. त्या तळ्यापर्यंत जाण्यास माणसे का निघाली, त्यांच्या बाजूने कायदा होता की नव्हता, पाणी पिऊन झाल्यावर काय झाले आणि ते पाणी खरोखर कायमचे खुले केव्हा झाले, हे सर्व त्या एका वाक्याच्या बाहेर राहते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील सेल्मा या गावच्या एका मोर्चाशी महाडची तुलना केली आहे. तो मोर्चा एका चर्चमधून निघाला होता, आणि त्याच चर्चची मंडळी आजही दरवर्षी त्याचे स्मरण करतात. दूरच्या घटनेशी ताडून पाहिल्याने जवळची घटना अधिक स्पष्ट दिसते, असा माझा विश्वास आहे.

तलाव कोणाचा?

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारीच्या काळातील तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे धान, हे आपल्या डोळ्यांना इतके सवयीचे आहे की तलाव म्हणजे सर्वांचाच, असे आपण धरून चालतो. वस्तुतः 'सर्वांचा' या शब्दात कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न पाण्याइतकाच जुना आहे. माझी आजी सांगते की तिच्या माहेरी तिला विहिरीच्या पाळीला हात लावता येत नसे. गुंड खाली ठेवून उभे राहायचे, कोणी पाणी भरायला आले तर विनवणी करायची, आणि त्याने वरून ओतले तेवढे घेऊन घरी यायचे. कधी पाच मिनिटांत काम होई, कधी ऊन डोक्यावर येई. विहीर गावाची होती, पण पाणी मिळणे दुसऱ्याच्या मर्जीवर होते. ज्या वाचकांच्या घरी अशी आजी नाही त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. महाडचा प्रश्न तहानेचा तर होताच, पण त्याहून अधिक तो मर्जीचा आणि हक्काचा होता.

महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील व्यापाराचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे बाजारासाठी, सरकारी कामासाठी येथे येत. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. त्याच्या भोवती स्पृश्य हिंदूंची घरे होती. मुसलमान तेथे पाणी भरत आणि गुरांनाही मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य माणसांना.

ठराव होता, पाणी नव्हते

पुष्कळांना वाटते की महाडच्या सत्याग्रहींनी कायदा मोडला. प्रत्यक्षात परिस्थिती उलट होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांनाही खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपल्या हद्दीतील तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होऊन तीन वर्षे लोटली होती. तरी एकही अस्पृश्य माणूस तेथे पाणी भरू शकत नव्हता, कारण ठराव करणारी नगरपालिका तो अंमलात आणण्यास पुढे येत नव्हती आणि गावातील सनातनी मंडळी तो मानीत नव्हती.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हक्क मिळणे ही एक गोष्ट आणि हक्क बजावता येणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंमधील अंतर जेव्हा कागदाने भरून निघत नाही तेव्हा माणसांना पायी चालावे लागते.

कोकणात ही जाणीव एकाएकी उत्पन्न झालेली नव्हती. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला प्रश्न विचारले होते. लष्करात नोकरी केलेली, लिहू-वाचू शकणारी, पेन्शन घेऊन गावी परतलेली महार मंडळी या भागात बरीच होती. त्यांच्या पुढच्या पिढीतील रामचंद्र बाबाजी मोरे या चोवीस वर्षांच्या तरुणाने डॉ. आंबेडकरांना महाडला आणण्यासाठी खटपट केली. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असलेला हा तरुण होता, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

१९ आणि २० मार्च १९२७

१९ मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सुमारे अडीच-तीन हजार प्रतिनिधी आले होते. त्यांत म्हातारे होते तसे पंधरा-सोळा वर्षांची मुलेही होती. परिषदेस आलेल्या माणसांना पिण्यासाठी पाणी हवे होते, आणि तळे गावातच असूनही ते पाणी ४० रुपये देऊन विकत घ्यावे लागले. सार्वजनिक तळ्याच्या गावात पाणी विकत घेण्याची वेळ यावी, यातच परिषदेच्या कामाचे कारण सामावलेले होते.

अनंतराव चित्रे, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातील मंडळी परिषदेच्या कामात मनापासून सामील होती. हा लढा एका जातीने दुसऱ्या जातीविरुद्ध केलेला नव्हता, याची साक्ष या नावांनी मिळते.

दुसऱ्या दिवशी, रविवार, २० मार्च रोजी ठरावांचे काम आटोपले. नगरपालिकेने केलेला ठराव आपणच अंमलात आणू या, अशी सूचना चित्रे यांनी मांडली आणि सारी परिषद उठून रांगेने तळ्याकडे निघाली. बाजारपेठेतून शिस्तीने चालत गेलेल्या या माणसांच्या हाती काठी नव्हती. बाबासाहेबांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले, आणि मंडळी मंडपाकडे परतली.

यानंतर जे घडले ते स्मरणाच्या भाषणांत बहुधा घाईने उरकले जाते. ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. तिला काहीही आधार नव्हता. पण जमाव लाठ्या घेऊन आला. प्रतिनिधींपैकी कोणी जेवत होते, कोणी गाठोडी बांधीत होते, कोणी परतीच्या वाटेला लागले होते. त्यांना गाठून मारहाण करण्यात आली. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. प्रतिनिधींची संख्या मोठी होती आणि त्यांच्यात लष्करातून आलेली माणसेही होती. तरीही बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा केली. पण गावातील सनातन्यांनी आपला न्याय वेगळाच केला. एकशे आठ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत त्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला हे घडावे, हा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

डिसेंबरमधील थांबणे

महाडची कथा येथे संपत नाही. २५ डिसेंबर १९२७ पासून महाडला दुसरी परिषद भरली. सभेसाठी कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. पहिल्याच दिवशी सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली. हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण आजवर मेलो नाही, तेव्हा केवळ पाणी पिण्यासाठी आपण जात नसून इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जात आहोत, अशा अर्थाचे विवेचन त्यांनी केले.

परंतु परिषदेआधीच सनातन्यांनी न्यायालयात दावा दाखल करून १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची वहिवाट पुरातन आहे, असा त्यांचा दावा होता. आता प्रश्न आला : सत्याग्रहासाठी हजारो माणसे आली आहेत, त्यांचा निर्धार पक्का आहे, मग हुकूम मोडावा की मानावा? बरीच चर्चा झाली. शेवटी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरवले. आलेल्या मंडळींनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्याला हात लावला नाही.

पाण्याच्या काठापर्यंत जाऊन, तहान आणि संताप दोन्ही आवरून परत फिरणे ही सोपी गोष्ट नव्हे. मार्चमधील ओंजळीइतकेच डिसेंबरमधील हे थांबणेही महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. कारण त्यानंतर तो लढा न्यायालयात चालला, आणि एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयांत वादी हरले तरी ते वर जात राहिले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने ठरवले. 'हे पूर्वीपासून असेच आहे' या युक्तिवादाला न्यायालयाने पुरावा मागितला, आणि पुरावा निघाला नाही. निकालाच्या तारखेनंतर तीनच दिवसांनी पहिल्या मोर्चाला दहा वर्षे पूर्ण झाली.

सेल्मा : चर्चमधून निघालेला मोर्चा

आता अमेरिकेकडे वळू. अलाबामा राज्यातील सेल्मा हे लहानसे गाव. तेथील प्रौढ लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय होते, पण मतदारयादीत नाव असलेले कृष्णवर्णीय शंभरात दोन-तीनच. त्यांना मताचा हक्क नव्हता असे नाही. वंशाच्या कारणाने मताधिकार नाकारता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती अमेरिकेत १८७० सालीच झाली होती. पण नावनोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडत असे, रांगेत तासन् तास उभे राहावे लागे, वाचन-लेखनाची आणि राज्यघटनेची अवघड परीक्षा घेतली जाई, आणि पास-नापास ठरवणे गोऱ्या कारकुनाच्या मर्जीवर असे. नाव नोंदवायला गेल्याबद्दल नोकरी जाण्याची भीती होती ती वेगळीच. येथेही कागदावर दार उघडे आणि प्रत्यक्षात बंद. महाडच्या ठरावाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

१९६४ च्या जुलैमध्ये तेथील एका न्यायाधीशाने नागरी हक्कांच्या चर्चेसाठी तीन किंवा अधिक माणसांनी एकत्र जमण्यासही बंदी घातली. अशा वेळी लोकांनी जमावे कोठे? ते चर्चमध्ये जमले. २ जानेवारी १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची सभा सेल्माच्या ब्राउन चॅपल या चर्चमध्ये झाली आणि बंदी मोडली गेली. चर्च ही कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेली, स्वतःच्या ताब्यातील वास्तू होती. त्यांचे धर्मोपदेशक गोऱ्या मालकाच्या पगारावर नव्हते. म्हणून सभा, प्रशिक्षण, जेवण, जखमींची शुश्रूषा, सारे तेथेच होई. याची किंमतही त्यांनी मोजली होती. १५ सप्टेंबर १९६३ रोजी त्याच राज्यातील बर्मिंगहॅम शहरात एका चर्चमध्ये बाँब उडवून चार मुलींचा जीव घेण्यात आला होता.

फेब्रुवारी १९६५ मध्ये जवळच्या मॅरियन गावी जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि तो मरण पावला. त्यानंतर सेल्माहून राजधानी माँटगोमेरीपर्यंत, म्हणजे चोपन्न मैल, पायी जाण्याचे ठरले. रविवार, ७ मार्च १९६५ रोजी ब्राउन चॅपलमधून सुमारे सहाशे माणसे दोघादोघांच्या रांगेत निघाली. जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स पुढे होते. अलाबामा नदीवरील एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, घोडे घातले. लुईस यांचे डोके फुटले. माणसे रक्तबंबाळ होऊन पुन्हा त्याच चर्चमध्ये परतली. तो दिवस 'रक्तरंजित रविवार' या नावाने ओळखला जातो.

दोन दिवसांनी, ९ मार्चला, किंग सुमारे दोन हजार माणसांना घेऊन पुन्हा पुलावर गेले. पण संघराज्याच्या न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत मोर्चास मनाई केली होती. किंग यांनी पुलावर प्रार्थना केली आणि मोर्चा परत फिरवला. तरुण कार्यकर्ते नाराज झाले. त्याच रात्री मोर्चासाठी आलेले गोरे धर्मोपदेशक जेम्स रीब यांच्यावर हल्ला झाला आणि ११ मार्चला ते मरण पावले. १७ मार्च रोजी न्यायालयाने मोर्चाचा हक्क मान्य केला. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ मार्चला माँटगोमेरीस पोहोचला तेव्हा सुमारे पंचवीस हजार माणसे जमली होती. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

साम्य आणि भेद

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की काही साम्ये सहज दिसतात. दोन्ही ठिकाणी हक्क कागदावर होता. दोन्ही ठिकाणी निःशस्त्र माणसे रविवारी रांगेने निघाली आणि मार खाऊन परतली. दोन्ही ठिकाणी पुढाऱ्यांनी अनुयायांची नाराजी पत्करून न्यायालयाच्या हुकमापुढे पाऊल थांबवले, आणि शेवटी न्यायालयाचा निर्णय त्यांच्याच बाजूने लागला. मात्र सेल्माला तो आठ दिवसांत लागला आणि महाडला जवळजवळ दहा वर्षे लागली.

या दोन चळवळी एकमेकींना अगदीच अपरिचित होत्या असेही नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नामवंत विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. दक्षिणेतील एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतील अस्पृश्य' अशी करून देण्यात आली. प्रथम त्यांना राग आला, पण विचार केल्यावर ती ओळख खरी असल्याचे त्यांना पटले. ही हकीकत त्यांनी ४ जुलै १९६५ रोजी, सेल्माच्या मोर्चानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, आपल्या चर्चमधील प्रवचनात सांगितली.

पण एक मोठा भेद आहे आणि तो मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. सेल्माची माणसे चर्चमधून निघाली आणि जखमी होऊन चर्चमध्ये परतली. त्यांना मारणारेही त्याच धर्माचे होते, तरी स्वतःचे म्हणावे असे एक देवघर त्यांच्याजवळ होते. महाडच्या माणसांना असे काही नव्हते. उलट, ती देवळात शिरणार या नुसत्या अफवेवरून त्यांची डोकी फोडण्यात आली. ज्या धर्माचे आपण आहोत असे ती समजत होती, त्याच धर्माच्या मंत्रांनी त्यांनी स्पर्श केलेले पाणी शुद्ध करण्यात आले. तेव्हा महाडच्या वाटेवर त्यांना आधार कोणाचा होता? परिषदेच्या मंडपाचा, मुसलमानांच्या घरांचा, फत्तेखानांच्या जागेचा आणि एकमेकांचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर गावोगाव विहार उभे राहिले. काही नुसत्या कुडाच्या खोल्या होत्या, काही पुढे पक्क्या झाल्या. म्हणजे सेल्मात आधी चर्च होते आणि मग मोर्चा निघाला. आपल्याकडे आधी मोर्चा निघाला आणि त्याच्या आठवणीला छप्पर एकोणतीस वर्षांनी मिळाले. विहारात २० मार्च पाळणे म्हणजे धार्मिक कार्यक्रमात राजकारण आणणे, असा आक्षेप काही जण घेतात. त्यांनी हा क्रम लक्षात घेतला तर आक्षेपाचे कारण उरणार नाही.

आपल्या विदर्भातही पायी मोर्चाची ही परंपरा पुढे चालली. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने केला, पण तो अंमलात येईना. पुन्हा तेच : ठराव होता, अंमल नव्हता. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) लाँग मार्च निघाला. वाटेत खडकपूर्णा नदीजवळ त्यास पोलिसांनी अडवले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

स्मरण कशासाठी?

सेल्मात दर मार्चच्या पहिल्या रविवारच्या सुमारास माणसे प्रार्थनेसाठी जमतात आणि पायी पूल ओलांडतात. ज्यांनी १९६५ मध्ये मार खाल्ला ते पुढे अनेक वर्षे स्वतः या कार्यक्रमात चालत असत. जॉन लुईस संसद सदस्य झाल्यावरही तेथे जात. जुलै २०२० मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे पार्थिव त्याच पुलावरून नेण्यात आले. या स्मरणाचा एक उपयोग असा झाला की, २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली, तेव्हा आपण काय गमावले हे सांगणारी आणि समजणारी माणसे तेथे तयार होती. मिळालेला हक्क परत जाऊ शकतो. १९२७ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपला ठराव परत घेतलाच होता.

आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट नावानिशी उल्लेख आहे. सरकारी निधीतून चालणाऱ्या किंवा सार्वजनिक वापरासाठी असलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही मनाई करता येणार नाही, असे ते कलम सांगते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ चा कायदा पुढे 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' या नावाने ओळखला जाऊ लागला. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगण्याची गरज नाही. वर्गात हे कलम आम्हांला परीक्षेच्या दृष्टीने शिकवले जाते आणि आम्ही ते पाठ करतो. पण 'तळी' हा शब्द तेथे कोठून आला असावा, याचा विचार महाडला जोडून केला की ते कलम पाठ करावे लागत नाही.

म्हणून स्मरणाच्या रीतीबद्दल काही सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. पहिली, २० मार्चला बाबासाहेबांच्या नावाबरोबर मोरे, चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे, बोले यांची नावेही घेतली जावीत. त्यामुळे बाबासाहेबांचे थोरपण कमी होत नाही. एवढी माणसे एका कामासाठी कशी जोडली गेली हे कळते. दुसरी, हार-तुऱ्यांचे भाषण पाच मिनिटे कमी करून १९२३ चा ठराव आणि १९३७ चा निकाल मुलांना समजावून सांगावा. दहा वर्षे न्यायालयात टिकून राहणे हाही सत्याग्रहच होता. तिसरी, हा दिवस फक्त एका वस्तीचा राहू नये. गावातील इतर समाजांच्या मंडळींना, शिक्षकांना, सरपंचांना विहारात बोलवावे, आणि त्यांनीही यावे. सार्वजनिक पाण्याचा हक्क एका समाजाने मिळवला, पण 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ त्याने सर्वांसाठी मोठा केला.

चौथी सूचना आम्हां विद्यार्थ्यांसाठी आहे. विहिरीवर गुंड घेऊन ताटकळत उभी राहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. ती माणसे पुस्तके लिहिणार नाहीत, कारण त्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्यासारख्या मुलांना लिहिता येते ते या माणसांनी धानाच्या बांध्यांत राबून आम्हांला शाळेत पाठवले म्हणून. तेव्हा त्यांच्या आठवणी वेळेवर लिहून ठेवणे हे आमचे काम आहे. कोणत्या विहिरीवर काय नियम होता, तो केव्हा आणि कोणाच्या पुढाकाराने मोडला, गावात पहिला विहार कोणी वर्गणी काढून बांधला, १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि हरले त्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांनी काय ऐकले होते, एवढे जरी प्रत्येकाने आपापल्या गावापुरते वहीत उतरवले तरी जिल्ह्याचा एक मोठा इतिहास तयार होईल. प्राध्यापक मंडळींनी त्यास मार्गदर्शन करावे आणि वार्षिकांकाने त्यासाठी दरवर्षी काही पाने राखून ठेवावीत, अशी विनंती आहे.

२० मार्च २०२७ ही महाडच्या मोर्चाच्या शताब्दीची तारीख. शंभर वर्षांच्या या अंतरावरून पाहता त्या दिवशी तळ्याकडे निघालेल्या माणसांची नावे आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. त्यांच्या हाती ठरावाचा कागद होता आणि तो खरा करून पाहण्याची हिंमत होती. आज आपल्या हाती राज्यघटना आहे. ती खरी करून पाहण्याचे काम ज्या दिवशी आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या पाणवठ्यावर होते, त्या दिवशी मार्च महिना नसला तरी तो महाडचाच दिवस समजावा.